प्रचंड काँक्रीटमधील उष्णता आणि राखेचा उपयोग

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की ते गरम होते, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. घराच्या चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये ही उष्णता कोणाच्या लक्षातही येत नाही. काही तासांत ती हवेत निघून जाते. परंतु काँक्रीटची जाडी मीटर-दोन मीटर होऊ लागली, म्हणजे तीच उष्णता अभियंत्यापुढील मोठा प्रश्न होऊन बसते. धरणाची भिंत, पुलाच्या खांबाचा पाया, वीजकेंद्रातील जनित्राचे बैठे काम, उंच इमारतीखालील जाड राफ्ट ही सर्व कामे या वर्गात मोडतात. अशा कामांत पुढे दिसून येणाऱ्या कितीतरी भेगांचे मूळ भारात किंवा भूकंपात नसते, तर काँक्रीट ओतल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असते.

उष्णता बाहेर पडण्यास लागणारा काळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा सेंटिमीटर जाडीची भिंत सुमारे दीड तासात भोवतालच्या तापमानाशी जुळते. दीड मीटर जाडीच्या भिंतीला आठवडा लागतो, पंधरा मीटर जाडीला दोन वर्षे, आणि दीडशे मीटर जाडीचे धरण आपोआप निवावयाचे असेल तर त्याला सुमारे दोनशे वर्षे थांबावे लागेल. म्हणजे जाडी दहापट झाली की काळ शंभरपट होतो. हा एकच हिशोब ध्यानात ठेवला तरी, लहान कामावर चालणारी पद्धत मोठ्या कामावर जशीच्या तशी का चालत नाही, याचा उलगडा होतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर १९३१ ते १९३६ या काळात हूव्हर धरण बांधले गेले, तेव्हा हाच प्रश्न प्रथमच एवढ्या भव्य प्रमाणावर उभा राहिला. २२१ मीटर उंचीच्या या धरणाची तळाशी जाडी सुमारे २०० मीटर आहे. ते अखंड ओतले असते, तर थंड होण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला असता आणि त्या काळात भिंत ठिकठिकाणी तडकली असती. म्हणून ते स्वतंत्र ठोकळ्यांच्या रूपाने, सुमारे दीड-दीड मीटरच्या थरांनी चढविण्यात आले. प्रत्येक थरावर एक इंच व्यासाच्या पोलादी नळ्यांचे जाळे पसरले होते. त्या नळ्यांतून आधी नदीचे व नंतर शीतयंत्रात थंड केलेले पाणी खेळविण्यात आले. नळ्यांची एकूण लांबी ९०० किलोमीटरहून अधिक भरली. काँक्रीट निवाल्यावर नळ्या आणि ठोकळ्यांमधील सांधे सिमेंटच्या पातळ कालव्याने भरून टाकले. उपाय यशस्वी झाला. पण आधी उष्णता निर्माण होऊ द्यावयाची आणि मग ती खर्चिक यंत्रसामग्रीने बाहेर काढावयाची, असे त्याचे स्वरूप होते. ती मुळातच कमी निर्माण व्हावी, हा विचार याच सुमारास बळावला.

उष्णता कोठून येते

सिमेंट हे मुख्यतः चार संयुगांचे मिश्रण आहे. पाण्याशी संयोग होताना ही चारही संयुगे उष्णता देतात, पण सारखी नव्हे. लवकर घट्ट होणारी व लवकर ताकद देणारी संयुगे अधिक उष्णता देतात. सावकाश ताकद देणारी कमी. लवकर ताकद हवी तर उष्णता सोसली पाहिजे, असा हा सरळ व्यवहार आहे. बाजारात ५३ श्रेणीचे सिमेंट लोकप्रिय झाले, त्यामुळे इमारतींची कामे झपाट्याने होऊ लागली. मात्र बारीक दळलेले आणि लवकर ताकद देणारे हे सिमेंट प्रचंड काँक्रीटच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे आहे. कमी उष्णता देणाऱ्या सिमेंटसाठी भारतीय मानकाने सात दिवसांस दर ग्रॅममागे ६५ कॅलरी आणि अठ्ठावीस दिवसांस ७५ कॅलरी ही मर्यादा घालून दिली आहे. असे सिमेंट हुकमी मिळत नसल्यामुळे साध्या सिमेंटचा काही भाग दुसऱ्या द्रव्याने बदलणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

स्थूलमानाने पाहता, एक घनमीटर काँक्रीटमधील दर १०० किलो सिमेंटमागे आतील तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसने चढते. उष्णता बाहेर जाण्यास वाव नसेल, तर. एक उदाहरण घेऊ. दोन-अडीच मीटर जाडीचा एक राफ्ट मे महिन्यात ओतावयाचा आहे. मिश्रणात घनमीटरमागे ४०० किलो सिमेंट आहे आणि ओतताना काँक्रीटचे तापमान ३२ अंश आहे. गाभ्याचे तापमान ४८ अंशांनी चढून ८० अंशांच्या घरात जाईल. रात्री पृष्ठभाग मात्र तीस-पस्तीस अंशांपर्यंत उतरेल. आतला भाग फुगलेला आणि बाहेरचा आकसलेला, अशा ओढाताणीत पृष्ठभागावर ताण येतो. आणि काँक्रीट दाबाला जितके समर्थ, तितकेच ताणाला दुबळे असते. आत व बाहेर यांतील फरक २० अंशांपेक्षा अधिक होऊ देऊ नये, असा संकेत त्यामुळेच रूढ झाला आहे. येथे महाराष्ट्राला एक नैसर्गिक सवलत आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची खडी वापरलेले काँक्रीट गारगोटीच्या जातीच्या खडीच्या काँक्रीटपेक्षा उष्णतेने कमी प्रसरण पावते. परंतु ८० अंशांवर गेलेला गाभा आणि तीस-पस्तीस अंशांचा पृष्ठभाग यांतील अंतर भरून काढण्याइतकी ती सवलत मोठी नाही.

दुसरी भेग उशिरा येते आणि अधिक घातक असते. गरम असतानाच काँक्रीट घट्ट होते. पुढे कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते निवू लागले म्हणजे सर्व बाजूंनी आकसू पाहते. खाली खडक असतो; तो त्यास आकसू देत नाही. मग तळापासून वर चढणारी, कधीकधी भिंतीच्या आरपार जाणारी भेग पडते. पृष्ठभागावरील भेग बुजविता येते. धरणाच्या आरपार गेलेली भेग म्हणजे पाण्याला मिळालेली वाट. ती बंद करण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे पुरते.

तापमान सुमारे ७० अंशांच्या वर गेल्यास आणखी एक धोका संभवतो. घट्ट होताना तयार व्हावयाचे एक गंधकयुक्त संयुग त्या उष्णतेत तयार होत नाही. ते पुढे ओलावा मिळाल्यावर कित्येक वर्षांनी सावकाश वाढते आणि काँक्रीटला आतून फोडते. दोष उघडकीस येईतो बांधणारे अभियंते निवृत्त झालेले असतात.

सुरखीपासून राखेपर्यंत

सिमेंटचा काही भाग दुसऱ्या पुडीने बदलण्याची कल्पना नवी नाही. किंबहुना ती सिमेंटपेक्षाही जुनी आहे. इटलीतील पोत्सुओली गावाजवळची ज्वालामुखीची माती चुन्यात मिसळून रोमन लोक पाण्याखाली टिकणारे बांधकाम करीत. त्या गावावरून अशा द्रव्यांना पोझोलाना हे नाव पडले. आपल्याकडे त्याच कामासाठी सुरखी होती. भाजलेल्या मातीच्या विटांचे चूर्ण चुन्याबरोबर घाणीत मळून जो गारा होई, त्यातून जुनी धरणे, पूल व वाडे उभे राहिले. केरळातील १८९५ मध्ये पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना व सुरखी यांतच बांधलेले आहे.

सुरखीचे आणि राखेचे रसायन एकच आहे. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना ताकद देणाऱ्या द्रव्याबरोबरच मोकळा चुनाही तयार होतो. हा चुना स्वतः फारशी ताकद देत नाही, उलट पाण्याबरोबर झिरपून बाहेर पडतो. जुन्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात ते याचेच. सुरखीतील अथवा राखेतील काचेसारखी सिलिका या मोकळ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि सिमेंटसारखेच बंधक द्रव्य तयार करते. ही क्रिया आठवडे, महिने चालते. उष्णता कमी निर्माण होते आणि जी होते ती पसरून होते, त्यामुळे तिला बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

औष्णिक वीजकेंद्रांत दगडी कोळशाची भुकटी जाळतात. तिची अतिसूक्ष्म राख धुराबरोबर वर जाते व विद्युत्‌भारित पत्र्यांवर गोळा केली जाते. हीच फ्लाय ॲश. तिचे कण बहुतांशी गोल, काचेच्या मण्यांसारखे असतात. त्यामुळे काँक्रीट कमी पाण्यात सहज वाहते, हा आणखी एक लाभ. धरणात ही राख मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली गेली ती अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या हंग्री हॉर्स धरणात. १९४८ ते १९५३ या काळात बांधलेल्या या धरणात लाखाहून अधिक टन राख लागली. भारतात उत्तर प्रदेशातील रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये राखेचा वापर झाला. ते धरण १९६२ मध्ये पूर्ण झाले.

महाराष्ट्राने त्या काळात वेगळी वाट चोखाळली होती. कोयना धरण डबर-काँक्रीटचे आहे. काँक्रीटच्या थरांत मोठमोठे दगड बसविल्यामुळे घनमीटरमागे लागणारे सिमेंट घटले, आणि सिमेंट घटले म्हणून उष्णताही घटली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या धरणात ज्या भेगा दिसल्या त्या भूकंपाच्या होत्या. त्यांचा उष्णतेशी संबंध जोडणे बरोबर होणार नाही.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, पारस आणि नाशिकजवळील एकलहरे ही नावे महाराष्ट्रात विजेसाठी परिचित आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार मोठे, शेकडा तीस ते पंचेचाळीस इतके असते. ही राख पाण्यात कालवून तलावांत साठविली जाई आणि उन्हाळ्यात आसपासच्या शिवारावर उडे. केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढून राखेच्या वापराची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली, तेव्हापासून तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

घाटघर

या राखेचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका वापर घाटघर येथे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक आणि पायथ्याशी दुसरा जलाशय करून, मागणी कमी असताना पाणी वर चढवावयाचे व मागणीच्या वेळी खाली सोडून वीज निर्माण करावयाची, असा हा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वरचा जलाशय अकोले तालुक्यात, खालचा शहापूर तालुक्यात. येथील धरणे भारतात प्रथमच रोलरने दाबलेल्या काँक्रीटची बांधण्यात आली. पायथ्याचे धरण सुमारे ८५ मीटर उंचीचे आहे. २००८ मध्ये प्रकल्पातून वीजनिर्मिती सुरू झाली.

या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांनी आर.सी.सी. म्हणतात, आणि येथेच सामान्य वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. कारण घरबांधणीतील आर.सी.सी. म्हणजे लोखंडी सळ्यांचे काँक्रीट. घाटघरच्या काँक्रीटमध्ये सळ्या नाहीत. ते ओलसर मातीसारखे कोरडे असते. टिपरने आणून सुमारे तीस सेंटिमीटरच्या थरांत पसरतात आणि कंप देणाऱ्या रोलरने दाबतात, रस्ता करावा तसे. काम जलद होते. मात्र थरावर थर भराभर चढत असताना खालच्या थराला निवण्यास सवड मिळत नाही, आणि रोलर फिरत असताना हूव्हरप्रमाणे नळ्यांचे जाळे पसरणे सोयीचे नसते. म्हणजे उष्णता काढून घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद. अशा स्थितीत ती निर्माणच कमी होऊ देणे, एवढेच हाती राहते. घाटघरच्या मिश्रणातील बंधक द्रव्यात निम्म्याहून अधिक वाटा राखेचा होता, त्याचे कारण हे आहे. सिमेंटची बचत झाली हा आनुषंगिक लाभ. मूळ कारण ते नव्हे. पुढे मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी मध्य वैतरणेवर बांधलेले, शंभर मीटरहून उंच धरणही याच पद्धतीचे आहे. ते २०१४ मध्ये मुंबईच्या सेवेत रुजू झाले.

पुन्हा मघाच्या राफ्टकडे वळू. तेथे शेकडा ३५ भाग राख घातली, म्हणजे २६० किलो सिमेंट व १४० किलो राख, असे समजू. राख आरंभीच्या दिवसांत सिमेंटच्या फार तर निम्मी उष्णता देते. तेव्हा हिशोबापुरते हे ३३० किलो सिमेंट धरावे. वाढ ४८ ऐवजी सुमारे ४० अंश होईल आणि गाभा ८० ऐवजी ७२ अंशांवर थांबेल. एवढ्याने भागणार नाही. मिश्रणातील पाण्यापैकी घनमीटरमागे ५० किलो पाणी बर्फाच्या रूपाने घातले, तर ओततानाचे तापमान सात-आठ अंशांनी तरी उतरते, आणि गाभा ६५ अंशांच्या आत येतो. राख आणि बर्फ यांनी मिळून जे साधते ते एकट्या कोणत्याही उपायाने सहसा साधत नाही. खडीच्या ढिगावर सावली करणे, तिच्यावर पाणी शिंपडणे आणि रात्री काँक्रीट ओतणे हे उपाय तर जवळजवळ फुकटचे आहेत. आश्चर्य असे की तेच सर्वांत आधी विसरले जातात.

झोतभट्टीतील मळी, म्हणजे स्लॅग, हे दुसरे महत्त्वाचे द्रव्य. पोलादाच्या कारखान्यांत ती पाण्याच्या झोताने झटकन थंड करून बारीक दळली, की सिमेंटचा मोठा भाग तिने बदलता येतो. भारतीय मानकाप्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये तिचे प्रमाण शेकडा २५ ते ७० पर्यंत असू शकते. मात्र उष्णता कमी करावयाची असेल, तर पंचवीस-तीस टक्क्यांनी फारसे साधत नाही. गरम काँक्रीटमध्ये स्लॅगची क्रिया वेग घेते आणि लहान प्रमाणातील लाभ त्यातच विरतो. निम्म्याहून अधिक, शक्यतो साठ-सत्तर टक्के स्लॅग वापरली तरच फरक स्पष्ट दिसतो. सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी ताकदीसाठी उत्तम. उष्णतेच्या प्रश्नावर ती उत्तर नव्हे.

राख कोणतीही चालते, असा समज घातक आहे. चिमणीपाशी कोरडी गोळा केलेली, बारीक व एकसारखी राखच बंधक द्रव्य म्हणून वापरावयाची असते. तलावात साचलेली ओली राख भरावासाठी व विटांसाठी ठीक. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी ती घालू नये. राखेत न जळलेला कोळसा शेकडा पाचाहून अधिक नसावा, हे मानक आहे. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. बाजारातील पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात शेकडा १५ ते ३५ राख आधीच मिसळलेली असते. पोत्यावरील मजकूर न वाचता कामावर पुन्हा राख मिसळली, तर एकूण प्रमाण किती झाले याचा कोणालाच पत्ता राहात नाही.

नव्वद दिवसांचा प्रश्न

एवढे सारे असूनही प्रत्यक्ष कामावर राखेला विरोध होतो. त्याचे कारण काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीत आहे. राखेचे काँक्रीट सात दिवसांस मागे असते, अठ्ठावीस दिवसांसही बहुधा किंचित मागेच राहते, आणि नव्वद दिवसांस साध्या काँक्रीटच्या बरोबरीने येते किंवा पुढे जाते. निविदेत ताकद अठ्ठावीस दिवसांची मागितलेली असते. ठोकळा कमी भरला की कंत्राटदाराचे देयक अडते. म्हणून तो पुढच्या खेपेस पन्नास किलो सिमेंट वाढवितो. पर्यवेक्षकालाही ते बरेच वाटते, कारण सिमेंट अधिक म्हणजे काम पक्के, हा समज खोल रुजलेला आहे. पन्नास किलो सिमेंट म्हणजे गाभ्यात सहा अंशांची भर. चाचणीचा ठोकळा पंधरा सेंटिमीटरचा. तो पाण्याच्या टाकीत थंड राहून उत्तीर्ण होतो. ज्यासाठी तो केला ते काम मात्र तिकडे तडकते.

धरणाच्या पायावर पूर्ण भार अठ्ठावीस दिवसांत येत नाही; जलाशय भरण्यास एक-दोन पावसाळे जातात. मोठ्या राफ्टवरही इमारत महिन्यामहिन्यांनी चढते. अशा कामांत ताकद नव्वद दिवसांच्या चाचणीवर ठरविणे सर्वस्वी युक्त आहे, आणि अनेक धरणांत तसेच करतात. ते निविदेच्या आरंभीच लिहिलेले असले पाहिजे; काम सुरू झाल्यावर केलेला बदल वादाला कारण होतो. सात व अठ्ठावीस दिवसांच्या चाचण्या तरीही घ्याव्यात, मात्र प्रगती पाहण्यासाठी. पुलाच्या तुळया, उंच इमारतीचे स्तंभ, लवकर साचे काढावयाचे स्लॅब यांना हा नियम लावता येणार नाही.

राख संथपणे काम करते, म्हणून तिला पाणीही अधिक काळ लागते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावे, तर राख किंवा स्लॅग असलेल्या काँक्रीटला किमान दहा, आणि कोरड्या उष्ण हवेत चौदा दिवस द्यावे, असे भारतीय मानक सांगते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात चौदाच धरावेत. तापलेल्या जाड काँक्रीटवर थंडगार पाण्याचा लोट सोडणे मात्र टाळावे. त्याने गाभा निवत नाही. केवळ पृष्ठभाग आकसतो आणि टाळावयाची भेग ओढवून घेतली जाते. साचा काढल्यावर ओली गोणपाटे, त्यांवर प्लास्टिकचा कागद आणि थंडीच्या दिवसांत थर्मोकोलचे आच्छादन अशी व्यवस्था ठेवावी. पृष्ठभाग ओला हवा, पण गारठता कामा नये.

गाभ्यात, पृष्ठभागाजवळ आणि तळाशी तापमान मोजणाऱ्या तारा ओतण्यापूर्वीच बसवून ठेवाव्यात. त्यांची किंमत एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असते. पहिले तीन दिवस दर दोन-तीन तासांनी व पुढे दिवसातून दोनदा नोंद घ्यावी. आत-बाहेरील फरक वीस अंशांकडे सरकू लागला, की आच्छादन वाढवावे. तो आपोआप उतरू लागेपर्यंत काढू नये. दोन मीटरच्या राफ्टला यासाठी साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात.